दिवाणखान्यातल्या बारा जणी

हे सगळं मी तोंडी सांगते आणि माझी नात रेवा टाइप करते. मागचं प्रकरण संपलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, लग्न झालं, दोह्याला गेलीस, आईसुद्धा झालीस. संपलं ना आता तुझं मोठं होणं?" पोरगी हुशार आहे, पण काही फळं उशिरा पिकतात हे तिला कोण सांगणार. मी पिकले ती पंचेचाळिशी ओलांडल्यावर. तोवर नुसती वयाने वाढत होते. म्हणून तारुण्याच्या प्रकरणांत हे एक प्रकरण मी बळेच घुसडते आहे. आज त्या पंचेचाळिशीच्या बाईकडे बघते तेव्हा मला ती पोरच दिसते. केस रंगवलेली, चष्मा कपाळावर चढवलेली, जगातलं सगळं आपल्याला कळतं अशा तोऱ्यात मिरवणारी पोर.

आम्ही तेव्हा दोह्याच्या मदिनत खलीफा भागात राहत होतो. एका मोठ्या व्हिलात मधे मधे भिंती घालून चार संसार थाटलेले होते, त्यातला मागच्या अंगाचा आमचा. हे गॅस कंपनीत इंजिनिअर, लेक गौरी शाळेत. घरात एसीची घरघर कायमची. मागच्या निंबाच्या झाडावर बुलबुलांची भांडणं. आणि या सगळ्याच्या तळाशी, तंबोऱ्यासारखं अखंड, दूरवरचं खणणं. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून बरीच वर्षं होती, पण पाहुणे दारात येऊन उभे राहिल्यासारखी सगळ्या शहराची धांदल चालली होती. सकाळी ज्या रस्त्याने हे कामावर जात, तो संध्याकाळी जागेवर नसे. "काल इथे रस्ता होता," हे यांचं वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं झालं होतं. डब्यातले बेसनाचे लाडू संपले की गौरी डब्यात डोकावून गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "काल इथे रस्ता होता."

आणि कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, माझा काळा कोट होता. मी वकील होते. म्हणजे सनद होती. लग्नाआधी नाशकात एका अपघात-भरपाईच्या वकिलांकडे मी उमेदवारी केली होती. त्यातला बराच काळ फायलींना दोऱ्या बांधण्यात आणि साहेबांसाठी चहा सांगण्यात गेला. कोर्टासमोर मी एकूण एकच वाक्य बोलले होते, "पुढची तारीख मिळावी." पण दोह्यातल्या आमच्या महाराष्ट्र मंडळात कुणाला काय माहीत? गणपतीच्या वर्गणीवरून वाद झाला की मी चष्मा वर सरकवून म्हणायची, "कायद्याने बघायला गेलं तर..." बायका गप्प व्हायच्या. मला वाटायचं, दबल्या. आता कळतं, कंटाळायच्या.

त्या तोऱ्यालाच एक दिवस फळ आलं. मंडळातले एक गृहस्थ वेस्ट बेमधल्या एका वकिली ऑफिसात होते. त्यांचा फोन आला, "वहिनी, अमेरिकेहून एक वकीलबाई आल्यात. कोकणातल्या एका मुस्लिम बाईची केस आहे. तिला इंग्रजी नाही, हिंदी जेमतेम. कोकणी बोली समजणारं आणि कोर्टातलं कळणारं माणूस हवंय." माझं आजोळ रत्नागिरीचं, त्यामुळे बोली येत होती. कोर्टातलं मला काय कळत होतं ते वर सांगितलंच. मी हो म्हटलं आणि सगळ्यात आधी कोट उन्हात घातला. दोह्याच्या उन्हात काळा कोट! गौरी म्हणाली, "आई, प्लीज. यू आर नॉट वेअरिंग दॅट." घातला नाही, पण हातावर घेऊन गेले.

त्या अमेरिकेहून आलेल्या कॅरलबाई मला पहिल्या भेटीत अगदीच निराश करून गेल्या. माझ्या डोळ्यांसमोर होती ती टेबलावर मूठ आपटणारी कुणीतरी. ह्या साठीच्या, गुडघे दुखणाऱ्या, पुरुषी बूट घातलेल्या, आणि आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. (तीच त्यांची युक्ती होती, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला.) केस अशी होती. शफी नावाचा तिशीतला इलेक्ट्रिशियन एका उंच इमारतीच्या कामावर होता. माल वर नेणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यातून तो खाली येत असताना पिंजऱ्याचा ब्रेक लागला नाही, आणि शफी गेला. ब्रेक एका अमेरिकन कंपनीने बनवलेला, म्हणून त्या कंपनीवर दावा तिथल्या कोर्टात. पण पिंजऱ्यावर पाटी होती, 'फक्त मालासाठी, माणसांना मनाई'. साइटच्या अहवालात तेवढंच लिहिलं गेलं, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू. त्या दिवशी माणसांची लिफ्ट, इमारत बघायला येणाऱ्या बड्या पाहुण्यांसाठी राखून ठेवली होती, बाकीच्यांनी कसंही उतरा असं तोंडी सांगितलं होतं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

शफीची बायको मेहरुन्निसा, आम्ही तिला मेहरू म्हणायला लागलो, लहान मुलीला घेऊन विमानतळाजवळच्या अल थुमामात भावाच्या घरी राहत होती. तिला काय हवं आहे, असं कॅरलबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं. मला वाटलं, आता आकडा येणार. मेहरू पदराशी चाळा करत म्हणाली, "माजी सासू गावाला घराच्या बाहेर पडत नाय. लोक सांगतात, तुजा पोर आपल्या चुकीनं मेला. फोन केला का एकच विचारते, माजा पोर चुकला काय गो? कोनीतरी मोठ्या मानसानं सांगूदे, त्याची चूक नव्हती. बस."

मी भाषांतर केलं. कॅरलबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "आमच्याकडे ते मोठं माणूस म्हणजे बारा लहान माणसं असतात." अमेरिकेत असा दावा न्यायाधीश ठरवत नाही, रस्त्यावरून उचलून आणल्यासारखी बारा साधी माणसं बसवतात, कुणी शिक्षिका, कुणी ट्रक ड्रायव्हर, ती सगळं ऐकतात आणि चूक कुणाची ते सांगतात. ज्युरी म्हणजे हीच माणसं. मी तुच्छतेने म्हटलं, "कायदा न शिकलेली?" त्या म्हणाल्या, "देवाच्या कृपेने."

त्यांचं काम करण्याची पद्धतच अजब. कायद्याची पुस्तकं बाजूला राहिली आणि त्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायला लागल्या. माझे पोहे खायच्या, शेंगदाणे वेचून शेवटी खायच्या, आणि म्हणायच्या, "मला बारा बायका मिळवून द्या. मेहरूला न ओळखणाऱ्या. त्यांना आधी ही गोष्ट सांगून बघते. कोर्टात पडायच्या आधी इथे पडलेलं बरं." मी मंडळातल्या बारा जणी जमवल्या. बायकांना वाटलं, बचत गट किंवा डबे विकायची स्कीम असणार. शुक्रवारी सकाळी सगळ्या नटूनथटून आल्या. मी साबुदाण्याची खिचडी केली होती आणि काकडीची कोशिंबीर, कारण रिकाम्या पोटी न्याय होत नाही असं माझं तेव्हाही मत होतं.

कॅरलबाई खुर्चीवर न बसता मोड्यावर बसल्या, बायकांपेक्षा खालच्या पातळीवर, आणि बोलू लागल्या. इंग्रजी न कळणाऱ्या कुलकर्णीकाकूंसाठी मी मराठीत सांगत होते. कॅरलबाई म्हणाल्या, शफी सकाळी लवकर कामाला गेला. मी म्हटलं, "आणि तो अभागी जीव, आपल्या चिमुकल्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून, पहाटेच्या अंधारात..." कॅरलबाई थांबल्या. "मी चार शब्द बोलले," त्या हळूच म्हणाल्या, "तुमचे इतके कसे झाले?" मी म्हटलं, मराठी भाषा समृद्ध आहे. बायका खिचडी खाताना फसफसून हसल्या आणि शफीचा मृत्यू त्या हसण्याखाली जाऊन बसला. ते मला आजही आठवतं तेव्हा कानशिलं गरम होतात.

त्या दिवशी कॅरलबाईंनी मुद्दाम पाटीची गोष्ट लपवून ठेवली. ब्रेकचं सांगितलं, मेहरूचं सांगितलं. बायकांचे डोळे भरून आले. मग त्या उठल्या, दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आता मी कंपनीची वकील. आणि मग पाटी काढली. कुलकर्णीकाकूंनी ताटली खाली ठेवली. नगरकडच्या त्या, पाच पोरं वाढवलेल्या, त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

"म्हणजे माणसांनी चढायचं नाही असं लिहिलेलं होतं?"

"हो."

"मग हे आधी का नाही सांगितलं? लपवलंत म्हणजे काळंबेरं आहे तुमचं. आणि त्याला वाचता येत होतं ना? मग चढलाच का तो?"

मत घेतलं. चौघी सोडून बाकी सगळ्या म्हणाल्या, वाईट झालं, फार वाईट झालं, पण चूक त्याचीच. मला रडू यायला लागलं. कॅरलबाईंचा चेहरा मात्र उजळला होता. बायका गेल्यावर त्या उरलेली खिचडी पातेल्यातूनच खात म्हणाल्या, "आता मला कळलं कशाला भ्यायचं. आपली काळी बाजू आपणच आधी सांगायची. पहिल्या वाक्यात. दुसऱ्याने सांगितली की ती पाप होते." पुन्हा एकदा याच बायकांना बोलवू, या वेळी पाटीपासून सुरुवात करू, पाहुण्यांच्या लिफ्टचं सांगू, आणि बघू काय म्हणतात, असं ठरलं.

त्याच्या आधी मेहरूची जबानी व्हायची होती. तिला अमेरिकेला जाता येणार नव्हतं, म्हणून इथेच कॅमेऱ्यासमोर तिला दोन्ही बाजूंचे वकील प्रश्न विचारणार, आणि ती फीत तिथे त्या बारा जणांना दाखवणार. म्हणजे ज्युरीला मेहरू भेटणार ती एवढीच. आम्ही अल थुमामाला जायला लागलो. तिथे दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान जायचं आणि बोलणारा माणूस तोंड तसंच उघडं ठेवून थांबायचा, विमान गेलं की वाक्य पुढे. मेहरूचा भाऊ इक्बाल एका दुकानात हिशेब बघायचा. सरळ, कष्टाळू माणूस. बहीण आली म्हणून त्याने आपल्या पोरांची खोली तिला दिली होती आणि पोरं बैठकीत झोपत होती. कॅरलबाई मेहरूला विचारायच्या, कशी आहेस? मेहरू म्हणायची, "बरा हाय. अल्लाची मेहेरबानी." झोप? "बरा हाय." शफीची आठवण? ती खाली बघायची आणि मग म्हणायची, "चाय घेता?"

माझ्यातली उमेदवार वकील खवळली. मी मेहरूला एकटीला गाठून शिकवायला घेतलं. "हे बघ, इथे थांबायचं, इथे आवंढा गिळायचा, 'माझं जग बुडालं' म्हणायचं आणि मग कॅमेऱ्याकडे बघायचं." शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत मला दुसरं बक्षीस होतं, ते सगळं मी तिच्यावर ओतलं. बिचारी म्हणून दाखवायची. एकदा कॅरलबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "शिकवलेल्या दुःखाला वास येतो. ज्युरीला तो लांबूनच येतो. तिला काही शिकवू नका. ती करते काय ते बघा."

म्हणून आम्ही बघत बसलो. मेहरू तांदळाच्या भाकऱ्या करत होती. उकड मळून, पाण्याचा हात लावत, तळव्यावर फिरवत थापायची. भाकरी तव्यावर टम्म फुगायची आणि घरभर तांदळाचा गोड वास सुटायचा. पहिली भाकरी झाली. ती तिने टोपलीत टाकली नाही. शेगडीच्या बाजूला, ओट्याच्या कोपऱ्यावर, नुसतीच ठेवली. मग बाकीच्या टोपलीत जायला लागल्या. जेवणं झाली तरी ती कोपऱ्यावरच. इक्बालची बायको, मेहरूची भाभी, माझ्या कानाशी कुजबुजली, "रोज असाच करते. वाया जाते. विचारला तर सांगते पाखरांसाठी काढली." मी मेहरूला विचारलं. ती तव्याकडे बघत, तव्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "त्याला धीर नसायचा. कामावरना आला का बूट पन काढायचा नाय, पयली भाकरी उभ्याउभ्यानंच खायचा. हात भाजायचा, फुंकर घालायचा. बोलायचा, टोपलीतली भाकरी पाव्हन्यांची, तव्यावरची घरधन्याची." आणि मग विमान आलं. ते गेल्यावर तिने तवा उतरवून ठेवला. मी इंग्रजीत सांगितलं, या वेळी शब्दाला शब्द. कॅरलबाई ओट्यावरच्या त्या भाकरीकडे बघत राहिल्या.

जबानी वेस्ट बेमधल्या एका हॉटेलच्या खोलीत झाली. काचेच्या भिंतीबाहेर क्रेनच क्रेन. दुभाषी मुंबईहून आणलेले होते, मी फक्त कोपऱ्यात बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. हे ऐकून यांनी घरी देवापुढे साखर ठेवली होती. इक्बालभाई मेहरूच्या समोरच्या खुर्चीत, कॅमेऱ्यात दिसणार नाही असे बसले. भाऊ नजरेसमोर असला की तिला धीर येईल, असं कॅरलबाईंचं म्हणणं, आणि मलाही ते छानच वाटलं होतं. माहेरचं माणूस जवळ असावं, यात चुकीचं काय?

कंपनीचा वकील तरुण आणि अतिशय नम्र होता. मेहरू आली तेव्हा उठून उभा राहिला, तिच्यासाठी खुर्ची सरकवली, पाण्याचा ग्लास स्वतः भरून ठेवला. आम्हाला राक्षस अपेक्षित होता, आणि आला जावयासारखा मुलगा. त्याने पाटीबद्दल फारसं विचारलंच नाही. मुलीची चौकशी केली. मग म्हणाला, तुम्ही भावाकडे राहता, ते नीट बघतात ना तुम्हाला?

मेहरूने समोर बघितलं. "माजा भाव सोना हाय."

काही कमी पडतं?

"काय बी कमी नाय."

जेवण, झोप, सगळं व्यवस्थित?

"सगला बरा हाय. मी सुखात हाय."

दुभाष्यांनी ते स्वच्छ इंग्रजीत सांगितलं. तरुणाने हळुवार आवाजात आभार मानले. मी कोपऱ्यात बसून जीभ चावत होते. बारा अनोळखी माणसं ही फीत बघणार, आणि त्यांना एक सुखात असलेली बाई दिसणार. मग 'त्याची चूक नव्हती' हे वाक्य तिला कशाला हवं, असंच म्हणणार.

मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये मेहरू तोंडावर पाणी मारत होती. "ताई, चुकला काय माजा?" मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "भाव समोर बसलेला. त्याच्या घरात खाते, त्याची पोरा खाली निजतात. त्याच्यासमोर कसा सांगू, जीव लागत नाय? त्याला वाटंल, माज्या घरात हिला काय कमी पडला. त्याचा तोंड कुठं राहील?" मी आरशात आम्हा दोघींकडे बघत राहिले. हे तर मला माहीत होतं. कुठल्या बाईला माहीत नसतं? मी स्वतः बाळंतपणात भावाकडे महिनोन्महिने राहिले, आणि कुणी विचारलं की म्हणत असे, मजेत आहे.

मी धावत कॅरलबाईंकडे गेले. "भावाला बाहेर काढा. तो समोर असेपर्यंत ती दुःखात आहे असं म्हणणार नाही."

कॅरलबाईंनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "आता नाही काढता येत. सुट्टीनंतर भाऊ गायब आणि बाई रडायला लागली, तर पहिल्या दिवसाचा वकीलसुद्धा म्हणेल, शिकवलं." थोडा वेळ त्या गुडघा चोळत उभ्या होत्या. "तिने तसं म्हणायला हवं असं कुठे आहे?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

कॅमेरा सुरू झाला. कॅरलबाईंनी विचारलं, काल जेवायला काय केलं होतं? मेहरूला नवल वाटलं. पण सोपा प्रश्न, ती सैलावली. माशांचं कालवण, भाकऱ्या. भाकऱ्या कुणी केल्या? मी. कॅरलबाई पुढे वाकल्या. त्यांचा आवाज इतका खाली गेला की सगळी खोली पुढे वाकली, तो तरुणसुद्धा.

"पहिली भाकरी कुणी खाल्ली?"

मेहरूने भावाकडे बघितलं. मग पहिल्यांदाच त्याच्यावरून नजर काढून आपल्या हातांकडे नेली.

"कोनी नाय."

"का?"

"ती त्याची हाय."

दुभाष्यांनी सांगितलं, कोरड्या, कामाच्या आवाजात. फितीत काय दिसलं मला माहीत नाही, पण फितीबाहेरचं मी बघत होते. इक्बालभाई खुर्चीतून उठले, काचेपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांनी घरात कितीदा विचारलं असेल, कुणासाठी काढतेस, आणि पाखरांसाठी म्हटल्यावर हो म्हटलं असेल. त्यांचे खांदे हलत होते. तरुण वकिलाने पेनला टोपण लावलं. त्याला आणखी काही विचारायचं नव्हतं.

परत येताना गाडीत मी मनातल्या मनात निकालाची पार्टी ठरवत होते, हे कबूल करायला हवं. चांदीच्या वाट्या काढायच्या, श्रीखंड करायचं, कोट घालून फोटो. कॅरलबाई मात्र गप्प होत्या. का, ते काही आठवड्यांनी कळलं. कंपनीने ती फीत पाहिली, आणि तडजोडीचा निरोप पाठवला. भरपाई द्यायला ते तयार झाले, एका अटीवर, चूक कुणाचीच मान्य नाही, आणि खटला चालणार नाही. म्हणजे ते बारा जण बसणारच नाहीत. "त्यांना ती भाकरी ज्युरीपुढे जाऊ द्यायची नव्हती," कॅरलबाई म्हणाल्या. "मी काम जरा जास्तच चांगलं केलं." फोनवर त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण या वेळी ती युक्ती नव्हती. पाटी आहे तोवर खटला हरायचीही भीती होती, तेव्हा स्वीकारा, असा सल्ला त्यांनाच द्यावा लागला. इक्बालभाईही तेच म्हणाले. मुलीचं शिक्षण होतं, सासू होती. मेहरूने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हंजे कोनी काय बोल्ला नाय?"

कुणी काही बोललं नव्हतं.

ती कोकणात परत जायची होती त्याच्या आदल्या दिवशी मी अल थुमामाला गेले. डिंकाचे लाडू नेले होते. बॅगा बांधलेल्या, भाभी मुलीची वेणी घालत होती, आणि मेहरू शेवटच्या भाकऱ्या करत होती. मी ओट्यापाशी उभी राहिले. बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी हवेबद्दल बोलले, वाळूच्या वादळाबद्दल बोलले, विमानाला उशीर होईल का याबद्दल बोलले. तिने पीठ मळता मळता मधेच विचारलं, "ताई, तुमच्या घरात त्या बायका बसवल्या होत्या ना? बारा जनी. कॅरलम्याडम बोलल्या होत्या. त्या काय बोलल्या?"

दावा दाखल झाल्यापासून अख्ख्या जगात शफीची गोष्ट ऐकायला बारा माणसं एकदाच बसली होती, माझ्या दिवाणखान्यात, खिचडी खात. आणि त्यांनी निकाल दिला होता. पुन्हा बोलवायचं राहून गेलं होतं. तडजोड झाल्यावर कुणाला वेळ होता? कुलकर्णीकाकूंचा आवाज माझ्या कानात तसाच होता, मग चढलाच का तो?

"त्या म्हणाल्या, त्याची चूक नव्हती," मी म्हटलं.

तिचे हात थांबले. "सगल्या?"

"सगळ्या."

"त्यांना पाटीचा सांगितला होता?"

"सांगितलं होतं. तरी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला खोटं बोलता येत नाही. यांनी आयुष्यभर माझ्या तोंडावरून साड्यांच्या किमती ओळखल्या आहेत. तिला काय दिसलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. ती वळली, तव्यावरची भाकरी फुगली होती ती तिने बोटांनी उचलली, आणि कोपऱ्यावर ठेवायला नेलेला हात मधेच माझ्याकडे वळवला.

"खा," ती म्हणाली. "बसू नको. उभ्यानंच."

"अगं, भाजतंय!"

"भाजतंच," ती म्हणाली. "फुंकर घाल."

मी या हातातून त्या हातात करत, फुंकर घालत, उभ्याउभ्याने ती भाकरी खाल्ली. नुसतीच, कालवणाशिवाय. मेहरूने दुसरी थापायला घेतली. डोक्यावरून विमान जायला लागलं, आणि ते जाईपर्यंत आम्हा दोघींना बोलायची गरज पडली नाही.

रेवा विचारते आहे, "मग त्या सासूला सांगितलं का तिने?" सांगितलं. मेहरूचा गावाहून एकदाच फोन आला होता. सासू तिच्याबरोबर बाजारात आली होती म्हणे, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होती, बारा जनींनी निकाल दिला. कोट मी पुढे कामवाल्या बाईच्या मुलाला गॅदरिंगसाठी दिला. वकील म्हणून मी ती एकच केस जिंकले, आणि तीही साफ उलट्या निकालावर.